कुठलं मुरुड?

निर्णय घेणं माझ्या रक्तातच आहे, असं मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय. लोक मुकाट ऐकून घेतात, कारण मी सांगत असतो तेव्हा त्यांचं खोकं माझ्या काट्यावर असतं आणि वजन व्हायचं असतं. मी नौशाद होडेकर, मूळचा दाभोळचा, हल्ली रियाधच्या बत्ह्यात, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, एका कार्गोच्या दुकानाचा मॅनेजर. ब्लँकेटं, दुधाची पावडर, अत्तरं, खजूर, भाच्यांसाठी बूट, असलं सगळं लोक आमच्याकडे आणतात. आम्ही ते खोक्यात बांधून विमानाने मुंबईला आणि तिथून टेम्पोने त्यांच्या गावच्या दारात पोचवतो. दुकान कफिलाचं, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचे व्हिसा आहेत त्या अबू मुआज यांचं. ते गुरुवारी येतात, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पितात, सगळ्यांची खुशाली विचारतात आणि जातात. बाकीच्या दिवशी दुकानात निर्णय घ्यायला मी असतो.

ही गोष्ट मात्र माझी नाही, हाशमभायची आहे. मी तिच्यात सारखा मध्ये येतो, त्याला इलाज नाही.

हाशमभाय म्हसळ्याचे. वय छप्पन्न, दाढीला मेंदी, कानामागे जाडा काळा मार्कर. बावीस वर्षं ते आमच्या दुकानात खोकी बांधतायत. बाप मचव्यावर तांडेल होता, त्यामुळे दोरीची गाठ अशी मारतात की मुंबईच्या कस्टमवाल्यांनी ती सोडवायचा नाद सोडून सरळ कापायला घेतली. गाठ मारून झाली की कानामागचा मार्कर काढायचा आणि गिऱ्हाइकाला नाव-गाव विचारायचं. गिऱ्हाईक म्हणालं 'मुरुड', की मार्कर हवेतच थांबायचा.

"कुठलां मुरुड?"

आमच्या किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याजवळचं. दुसरं रत्नागिरीतलं, दापोली तालुक्यातलं. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे नारळ-सुपारी, आणि दोन्हीकडच्या माणसांना आपलं मुरुड हेच खरं मुरुड वाटतं. त्यामुळे हाशमभायनी असं विचारलं की गिऱ्हाईक आधी थोडं चिडायचं, मग सांगायचं, मग हाशमभाय विचारायचे की वाडी कुठली, विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, आईच्या गुडघ्याचं काय झालं. मी एकदा मोबाईलवर वेळ लावून बसलो होतो. एका खोक्याला बावीस मिनिटं गेली, आणि त्यातली सोळा गुडघ्यावर.

हे मला डाचत होतं. मी घाईचा माणूस. सकाळी शटर वर गेलं की मला निर्णय सुचायला लागतात. थुवालच्या विद्यापीठात एवढी भारतीय पोरं आहेत, तिथे शाखा काढू. समुद्रमार्गे माल बंद करू. रमजानात ब्लँकेटं घ्यायचीच नाहीत, जागा खातात. मी हे मोठ्याने बोलायचो आणि हाशमभाय टेप ओढता ओढता "बरां, शेठ" म्हणायचे. शेठ मी नव्हतो, शेठ अबू मुआज, पण कानाला बरं लागायचं म्हणून मी कधी सुधारलं नाही. दुकान उत्तम चाललं होतं. ते माझ्या निर्णयांमुळे चाललंय याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

शंका आणली माझ्या मुलीने. अरवा बारावी कॉमर्सला. शाळेत तिला प्रोजेक्ट मिळालं: निर्णयांचा दर्जा आणि धंद्याची कामगिरी, एका छोट्या व्यवसायाचा अभ्यास. मी छाती पुढे काढली. अभ्यासाला याहून चांगला व्यवसाय साऱ्या रियाधमध्ये मिळाला नसता. मी तिला दोन वर्षांतले माझे निर्णय आठवून आठवून लिहून दिले, चांगले सत्तावीस भरले. मग ती वही घेऊन दुकानात आली आणि हाशमभायच्या शेजारी स्टूल टाकून बसली.

तीन दिवसांनी जेवताना तिने मला निकाल सांगितला.

"पापा, सत्ताईस में से नौ ही इम्प्लिमेंट हुए. और जो लॉस हुआ ना, वो इन्हीं नौ से हुआ."

"मराठीत बोल," मी म्हणालो. भाषेवर गेलं की विषय टळतो, हा माझा अनुभव आहे.

"बाकीचे अठरा हाशम अंकलनी केलेच नाहीत," ती मराठीत म्हणाली. "शॉप त्याच्यामुळे चाललं."

झालेल्या नऊपैकी एक मला चांगला आठवत होता. रास अल खैरच्या कॅम्पात आपली माणसं भरपूर आहेत, दर शुक्रवारी आपली व्हॅन तिकडे जाईल, असं मी ठरवलं होतं. जायला पाच तास, यायला पाच. महिनाभर व्हॅन जात होती. शेवटच्या शुक्रवारी ती दोन खोकी घेऊन आली आणि त्यातलं एक ड्रायव्हरचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हाशमभायना समोर बसवून विचारलं, हे खरं आहे का.

"होय, शेठ." लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "तुमी एकदा बोललात तर तो राग. दोनदा बोललात तर हट्ट. तीनदा बोललात तर मी समजतंय, काय तरी असेल त्यात. मग करतंय."

मी भडकलो. बावीस वर्षं माझा माणूस माझे हुकूम गाळून घेत होता, चहा गाळावा तसे. मी तिथल्या तिथे म्हणालो, "ठीक आहे. आजपासून 'कुठलं मुरुड' बंद. 'कुठलं मुरुड' बंद. 'कुठलं मुरुड' बंद!"

हाशमभायनी शांतपणे टेप कापली. "एका दमात तीनदा म्हणजे एकदाच झालां, शेठ."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. अरवाला प्रोजेक्टमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, पालकसभेत बाईंनी त्यातला उतारा वाचून दाखवला, तिथेही लोक हसले. नाव सांगितलं नव्हतं, पण बत्ह्यात कार्गोची दुकानं किती आणि दाभोळचे मॅनेजर किती!

मग मी आयुष्यातला सगळ्यात ठाम निर्णय घेतला. अबू मुआजना सांगितलं की हाशमचं वय झालं, हात मंदावला, त्यांना फायनल एक्झिट देऊ, कायमचं घरी पाठवू. अबू मुआजनी काहव्याची वाटी खाली ठेवली. "मुतअक्किद?" त्यांनी विचारलं. म्हणजे, नक्की ना?

"मिया मिया," मी म्हणालो. शंभर टक्के.

त्यांनी व्हिसाचं सरकारी ॲप उघडून फोन माझ्याकडे सरकवला आणि मी बोट दाबलं. हाशमभायच्या मोबाईलवर मेसेज वाजला तेव्हा त्यांच्या हातात नांदगावचं खोकं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाचलं. साठ दिवसांत देश सोडायचा.

"शेठ," ते म्हणाले, "आलिमाचां एक वर्ष रवलां हाय."

आलिमा त्यांची मुलगी. पनवेलला फिजिओथेरपी शिकते. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत इथे रेटायचं आणि मग कायमचं म्हसळ्याला जायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता. तो मला ठाऊक होता. दुकानात सगळ्यांना ठाऊक होता. तरी मी म्हणालो, "हाशमभाय, धंदा भावनेवर चालत नाही." हे वाक्य मी मोबाईलवर कुठेतरी ऐकलं होतं आणि वापरायला संधी शोधतच होतो.

"बरां," ते म्हणाले. नांदगावच्या खोक्याची गाठ त्यांनी पुरी केली, मार्कर काउंटरवर ठेवला आणि गेले.

त्यांच्या जागी यासीन आला. हैदराबादचा, एमबीए, शर्ट पँटीत खोचलेला. यासीनचा मोठा गुण म्हणजे मी बोलेन ते तो पहिल्याच खेपेला करायचा. मी सकाळी नऊला काही बोलून बसलो की साडेनऊला ते झालेलं असायचं आणि दहा वाजता मला धडकी भरायची. तीन मिनिटांत बुकिंग हवं म्हणालो, त्याने तीन मिनिटांचा फॉर्म बनवला. पाठवणाऱ्याचं नाव, इथला नंबर, घेणाऱ्याचं नाव, गाव. तालुका कशाला, तिकडचा फोन कशाला, वेळ जातो, असं मीच म्हणालो होतो. संगणकावर सगळं हिरवं दिसायला लागलं. गिऱ्हाइकं तीन मिनिटांत मोकळी होऊन बाहेर पडत होती आणि पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जात होती. मी यासीनला कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, डेटा नहीं है." आईच्या गुडघ्याचं कोणी विचारत नाही म्हणून लोक येत नाहीत, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

असे सहा आठवडे गेले आणि एका मंगळवारी शोभनाताईंचा फोन आला.

शोभना पाटील इथल्या एका सरकारी इस्पितळात नर्स. त्यांची मुलगी सानिका, तिचं लग्न पुढच्या बुधवारी. ताईंना रजा मिळाली होती ती जेमतेम दहा दिवसांची. रुखवत मांडायला आईला गावी आधी जाता येणार नाही, म्हणून त्यांनी सगळं रुखवत इथे रियाधच्या खोलीत बसून केलं होतं, ड्यूटी संपली की थोडं थोडं, आठ महिने. क्रोशाचं तोरण, मोत्यांची महिरप, मण्यांचा सारीपाट, सुपाऱ्यांची नवरा-नवरी. दोन खोकी भरली होती. वर नाव, यजमानांचं: अशोक पाटील, मुरुड.

"नौशादभाई, सामान अजून आलं नाही हो."

मी स्क्रीन बघितला. "ताई, पोचलं. परवाच पोचलं. हे बघा, हिरवं आहे. अशोक पाटलांनी सही केलीय."

"अहो, ते व्हिडिओ कॉलवर माझ्या समोर बसलेत."

"मग त्यांना विचारा ना."

"विचारलं! ते म्हणतात, मी कसलीही सही केली नाही."

आता कोकणात अशोक पाटील किती असतील हे मी सांगायला नको. पण दोन्ही मुरुडांत एकेक सापडेल आणि आमचा टेम्पोवाला जवळचं मुरुड बघून जंजिऱ्याकडच्या अशोक पाटलांच्या अंगणात खोकी उतरवेल, हे माझ्या तीन मिनिटांत बसलं नव्हतं. टेम्पोवाल्याने फोन करून त्या पाटलांच्या दाराचा फोटो मागवला. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ दारात हसत उभे होते. सौदीत त्यांचा एक पुतण्या होता, त्यानेच पाठवलं असं ते धरून चालले होते. डोक्यावर, चौकटीला, शोभनाताईंचं क्रोशाचं तोरण लागलेलंही होतं.

फोटो शोभनाताईंना पाठवायची हिंमत माझ्यात नव्हती. फोनवर सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिच्याजवळ नव्हते हो कधी. तेवढं तरी माझ्या हातचं असावं, असं वाटलं होतं." आणि फोन ठेवला. मला रडू आलं. यासीनने टिश्यूचा डबा पुढे केला, न सांगता. त्याने आपल्या मनाने केलेली ती पहिलीच गोष्ट.

मी मुंबईच्या एजंटाला फोन केला. दहा दिवस लागतील म्हणाला. आणखी दोघांना केला. कोणी उचललाच नाही. शेवटी दुकान यासीनवर टाकून मी हाशमभायच्या खोलीवर गेलो. जायचं ठरवायला मला पूर्ण दुपार लागली, हे माझ्या बाबतीत विशेष आहे.

चार माणसांच्या खोलीत ते एकटेच होते. खाली चटईवर स्वतःचं खोकं भरत होते. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "शोभनाबायचां मुरुड दापोलीचां. देवळामागची वाडी. नणंद हर्णैला दिलेली." आणि फोन उचलून घरी लावला.

त्यांची बायको अख्तरी. म्हसळा दोन मुरुडांच्या मधे पडतं, पण सरळ रस्ता नाही, मधे खाड्या आहेत. हाशमभाय तिला काय काय सांगत होते ते मी ऐकत होतो. दिघीला फेरीबोटीवर टेम्पो चढव, पलीकडे आगरदांडा, तिथून मुरुड. त्या पाटलांशी गोड बोल, तोरण त्यांनी लावलंय ते उतरवताना त्यांना वाईट वाटेल. परत ये तशीच. मग बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, पलीकडे वेसवी, मग केळशी, आंजर्लं, हर्णै. त्यांनी नकाशा बघितला नाही. मी बावीस वर्षं ज्या माणसाला हळू म्हणत होतो त्याला हे सगळं सांगायला चार मिनिटं लागली.

अख्तरीवहिनी शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन निघाल्या. जंजिऱ्याकडच्या पाटीलबाई आधी तोरण देईनात. मग हे एका आईने मुलीच्या लग्नासाठी केलंय असं कळल्यावर त्यांनी स्वतः ते कागदात गुंडाळून दिलं आणि वर एक साडी ठेवली, नवरीसाठी. तीनदा खाडी ओलांडून शनिवारी संध्याकाळी खोकी दापोलीच्या मुरुडात पोचली. पाटलांनी वहिनींना लग्नापर्यंत सोडलंच नाही. बुधवारी शोभनाताईंचा फोटो आला. रुखवताच्या टेबलापाशी नवरी, ताई, आणि कडेला काळा बुरखा घालून संकोचून उभ्या असलेल्या अख्तरीवहिनी.

तो फोटो बघूनच मी अबू मुआजना फोन केला. एक्झिट रद्द करू या, म्हणालो. "मुतअक्किद?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मिया मिया. मग दोन-दोन पायऱ्या गाळत हाशमभायच्या खोलीवर गेलो.

"हाशमभाय, रद्द केलं! एक्झिट रद्द. शनिवारपासून दुकानात या."

मला वाटलं, उठून मिठी मारतील. निदान डोळे भरतील. मी त्यासाठी थोडा वाकूनही उभा होतो.

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "कोणाला इचारलांत?"

अबू मुआजचं नाव जिभेवर आलं होतं. बरं झालं, बोललो नाही.

"मी घरी सांगितलां, येतंय म्हणून," हाशमभाय म्हणाले. "अख्तरीनं खोलीला रंग काढलान. आलिमानं कॉलेजात सांगितलान, वर्षभर थांबतंय, नोकरी बघतंय. तुमी एक बोट दाबलांत, आमी तिघांनी आपापलां आयुष्य सरकवलां. आता परत बोट दाबलांत. आता परत सरकवायचां?"

मी त्यांच्या खोक्यावर बसलो. लाज वाटली, सरळ सांगतो. मी वाईट निर्णय घेतो हे अरवाने कागदावर मांडलं होतं, ते मी पचवलं असतं. पण चांगला निर्णयसुद्धा मी तसाच घेतला होता, ज्याच्यावर तो पडणार त्याला न विचारता.

"एक सांगा," मी म्हणालो. "बावीस वर्षं तुम्ही माझं ऐकत नव्हता, ते माझ्यावरच्या मायेपोटी ना?"

आता मात्र ते हसले. "माया कसली, शेठ? दुकान बुडालां असतां तर तुमी दुसरां काढलां असतां. माझी पोर कुठे गेली असती?"

मग मी विचारलं, "राहाल का? वर्षभर?"

"मना काय इचारता? तिला इचारा." त्यांनी फोन लावला, एक्झिट रद्द झाल्याचं दोन वाक्यांत सांगितलं, मग आवाज मोठा करून फोन आमच्या मधे चटईवर ठेवला.

अख्तरीवहिनींशी मी कधी बोललो नव्हतो. सलाम झाला. मी त्यांचे आभार मानायला लागलो, त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"नौशादभाय, रद्द केलांत ता ऐकलां मी. एक वर्ष देतंय तुमाला. आलिमा पास झाली की दुसऱ्या दिवशी हे घरी. आणि आता आधी दोन महिने सुट्टी. चार वर्षां हे घरी आले नाय. दर वेळी तुमचां काय तरी निघतां."

"कबूल," मी म्हणालो.

"एवढ्या घाईत कबूल म्हणू नका. दोन महिने दुकान कोण बघील?"

मी तोंड उघडलं. एका क्षणात मला तीन निर्णय सुचले, तिन्ही ठाम. हाशमभाय माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं, आणि मग खरं होतं तेवढंच बोललो.

"माहीत नाही, वहिनी."

"मग बरां," अख्तरीवहिनी म्हणाल्या. "आता तुमच्याशी बोलता येईल."